काजळी कुणाची?

९ जानेवारी

चि. ठिणगीस मामाचे आशीर्वाद.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू ओळखलंच असशील. आमच्या घरात मोबाईल एकच, आणि तो तुझ्या मामीच्या पिशवीत. शिवाय तिचे कान असे की मिक्सर चालू असतानाही मी काय बोललो ते तिला कळतं. तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानावर पाठव. घड्याळाचं दुकान आता माझा चेला चालवतो, पण सकाळी मी जाऊन बसतो आणि त्याच्या कामात चुका काढतो.

तर, गाडीची तब्येत बरी नाही. धावते तेव्हा ठीक. उभी राहिली की तिला हुडहुडी भरते. सिग्नलला पाय काढला की थरथर थरथर, आणि मग बंदच पडते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, आणि मी खाली उतरून टायर बघितल्यासारखं करतो. पुन्हा निघताना मागून असा काळा धूर सुटतो की स्कूटरवाले दिसेनासे होतात.

इथल्या गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं, अरे बाबा, घड्याळ मागे पडलं म्हणून आम्ही भिंत पाडत नाही.

तू एवढं गॅरेज चालवतेस, डिझेल इंजिनं उघडतेस. सांग काय ते. गाडीचे हाल मी करत नाही. रोज सकाळी तळ्यापर्यंत मोकळ्या रस्त्याने टॉप गिअरमध्ये नेतो आणि आणतो. माझ्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही.

मामीला यातलं काही कळवू नकोस. ती म्हणेल, गाडी म्हातारी झाली. आणि मग माझ्याकडे बघेल.

— मामा


१४ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहायचा म्हणून नाही, खरोखरच एका टेम्पोखाली आडवी पडलेय.

इंजिन उतरवायचं नाही. ऐक. इंजिन जो धूर सोडतं, त्यातला थोडासा परत त्याच्याच पोटात पाठवायची सोय असते. त्याने आतला जाळ जरा थंड राहतो आणि बाहेर विषारी वायू कमी जातो. हा परतीचा धूर कधी सोडायचा आणि कधी अडवायचा ते एक झडप ठरवते. आम्ही तिला ईजीआर म्हणतो. गाडी उभी असताना झडप मिटलेली हवी. तुझ्या गाडीची उघडीच अडकलेली दिसतेय. म्हणजे उभ्या गाडीला श्वास घ्यायचा तर स्वतःचाच धूर. थरथरेल नाही तर काय करेल?

आता खात्री करू. झडपेच्या डोक्यावर एक बारीक रबरी नळी येते. इंजिन चालू ठेवून ती काढ आणि तिच्या तोंडावर बोट दाब. थरथर थांबली तर झडप चांगली आहे, तिला हुकूम चुकीचा मिळतोय. थरथर तशीच राहिली तर झडप काजळीने अडकलीय. मग इंजिन पूर्ण गार होऊ दे, झडप खोल, कार्ब्युरेटरच्या स्प्रेने आणि ब्रशने घासून काढ. मधलं पातळ गॅस्केट जपून ठेव, फाटलं तर नवं घाल.

आणि हे घड्याळ नाही, फुंकर मारून चालत नाही. फुंकलंस तर तोंड काळं होईल.

— ठिणगी

ता. क. डिझेलला ठिणगी लागत नाही, हे ठाऊक असून तू माझं हे नाव ठेवलंस. बाकीची भाचरं अजून हसतात.


२३ जानेवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

फत्ते! नळी काढली, बोट दाबलं, थरथर तशीच. तेव्हा झडपच. उघडली तर आत काय म्हणावं, चुलीचं धुराडं! काडी घातली तर उभी राहत होती.

तू सांगूनही फुंकर मारलीच. हात सवयीचे असतात तसं तोंडही असतं. चेल्याने मला आरसा दाखवला आणि आत जाऊन बराच वेळ हसला.

एक स्क्रू हातातून निसटला. काळा स्क्रू, काळी फरशी. मी गुडघ्यावर बसून हाताने चाचपत राहिलो आणि तो म्हणे माझ्या बुटाशेजारीच होता. असो. ब्रश म्हणून मोरीतला जुना टूथब्रश घेतला होता. तो जुना नव्हता, असं दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तुझ्या मामीने विचारलं, ‘माझा ब्रश कुठाय?’ मी म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, ‘उंदीर दात घासायला लागले का?’

पण गाडी! सिग्नलला उभी राहिली तर चालू आहे की नाही ते बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. तुझे हात सोन्याचे.

— मामा


२० फेब्रुवारी

ठिणगे,

पुन्हा तेच. हुडहुडी, धूर, सगळं. झडप खोलली तर पहिल्याइतकीच काजळी. एवढ्यात कुठून आली? तू सांगितलंस तसंच सगळं केलं होतं. तुझ्या शास्त्रात काहीतरी खोट आहे.

— मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

शास्त्रात खोट नाही. खोट कुठे आहे ते तूच सांगायचंस.

हे बघ, मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये रोज पळणाऱ्या गाडीला इतक्या लवकर अशी काजळी धरत नाही. तिकडे इंजिन तापतं, धुराला जोर असतो. अशी काजळी धरते ती गाडी तासन्‌तास जागच्या जागी चालू ठेवली तर. नाहीतर पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी रांगवली तर. माणूस थापा मारतो मामा, झडप मारत नाही.

तेव्हा तळ्याची गोष्ट मला सांगू नकोस. कुणाच्या खिडकीखाली गाडी चालू ठेवून उभा असतोस? गाण्याचा क्लास आहे का तिथे? की पत्त्यांचा अड्डा? मी मामीला सांगणार नाही, पण उपचार करायचा तर डॉक्टरपासून काही लपवायचं नसतं.

— ठिणगी


१ मार्च

भाचीबाई,

माझा सगळा जन्म खरी वेळ सांगण्यात गेला. या वयात खिडकीखाली उभं राहायचं असतं, तर गाडी बंद करून उभा राहिलो असतो. डिझेल जाळायला मी मूर्ख नाही.

मी रोज तळ्यापर्यंत जातो आणि येतो. विश्वास नसेल तर राहू दे. गाडीचा विषय संपला. चौकातला किराणावाला कधीपासून मागे लागलाय, तो येत्या रविवारी बघायला येतोय. पसंत पडली की घेऊन जाईल. तुझी ती झडपही त्यालाच लखलाभ.

— मामा


२ मार्च

ठिणगी पोरी, अनेक आशीर्वाद.

मामी पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन करता येत नाही, कारण हे घरातच असतात आणि मी फोनवर हळू बोलायला लागले की टीव्हीचा आवाज बारीक करतात. उत्तर आमच्या शेजारच्या नर्सबाईंच्या पत्त्यावर पाठव.

काल हे दुकानातून आले ते तुझं पत्र खिशात घेऊन. सदरा धुवायला टाकताना सापडलं. वाचायला नको होतं, वाचलं. वाचून आधी पोट धरून हसले आणि मग रडू आलं. अगं, खिडकीबिडकी काही नाही. हे बिचारे खरंच तळ्यावर जातात. ती काजळी माझी आहे!

दुपारी हे जेवून आडवे झाले की घोरण्याचा पहिला सूर लागेपर्यंत थांबते आणि किल्ली उचलते. जुन्या गोदामामागच्या रिकाम्या मैदानात नर्सबाई मला गाडी शिकवतात. शिकाऊ परवाना काढलाय, चोरटं काही नाही, नवरा सोडून. पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरते. दुसरा गिअर टाकला की मला वाटतं गाडी माझ्या आधी घरी पोचेल. मध्येच घाबरले की ब्रेक दाबून, इंजिन चालूच ठेवून, नर्सबाईंना सगळं पहिल्यापासून विचारते. त्या तेवढ्यात स्वेटरची एक ओळ विणतात.

आता का शिकते ते ऐक, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. यांना संध्याकाळचं दिसत नाही. मागे डोळे दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उजेड कमी झाला की गाडी चालवायची नाही, आणि हे सुधारणारं नाही. यांनी बाहेर येऊन मला सांगितलं, ‘डोळे ठणठणीत आहेत म्हणाले.’ मी पडद्याच्या अलीकडेच बसले होते. सगळं ऐकलं होतं. ज्या माणसाने डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्याला मी काय सांगणार?

परवा तिन्हीसांजेला परत येताना यांनी रस्त्याकडेच्या पोस्टाच्या पेटीला हॉर्न वाजवला. हलेना, तेव्हा काच खाली करून म्हणाले, ‘अहो काका, जरा बाजूला व्हा.’ मी खिडकीतून बाहेर बघत ओठ चावत बसले. हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मला वाटलं, आपल्याला यायला लागलं की संध्याकाळी ‘मला सराव हवाय’ म्हणून किल्ली मागता येईल. यांचा मानही राहील, गाडीही राहील आणि आम्ही दोघंही राहू. पण पहिल्या परीक्षेला गाडी चढावावर थरथरून बंद पडली आणि मागे घरंगळली. परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं आणि दाराचं हँडल धरलं. पुढची परीक्षा अठरा तारखेला आहे. आणि किराणावाला रविवारी येतोय.

गाडी वाचव गं. आणि यांची माफी माग, पण का ते सांगू नकोस.

— तुझी मामी


४ मार्च

मामी,

तुझं पत्र गॅरेजमध्ये उभ्याउभ्याच वाचलं. नंतर पाना हातात घेऊन बसून राहिले. तू काय बाई आहेस!

आता कामाचं. किराणावाल्याला परतवायला आपल्याला काही करायला नको, काजळी करेल. रविवारपर्यंत झडपेला हात लावायचा नाही. तो यायच्या आधी तू गाडी सुरू करून दारात उभी ठेव, ‘गरम करून ठेवते’ म्हण. तो मागच्या बाजूला उभा राहिला की मामाला म्हण, जरा जोरात रेस करून दाखवा. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. गाडी जशी आहे तशी त्याला दिसली पाहिजे, इतकंच.

तो गेला की झडप साफ करायची. या वेळी नवा टूथब्रश विकत आणा. आणि तुझ्यासाठी औषध: मैदानात रांगून झालं की रोज नर्सबाईंना शेजारी बसवून गाडी बायपासला न्यायची आणि तिसऱ्या गिअरमध्ये चांगली दमवायची. इंजिन ओरडलं तरी घाबरायचं नाही. त्याला ओरडायलाच नेतोय आपण. मग काजळी धरणार नाही, आणि तुझी दुसऱ्या गिअरची भीतीही जाईल.

मामाचं माझ्यावर सोड.

— ठिणगी


४ मार्च

मामा,

चुकले. तू तळ्यावरच जातोस हे मला आता पटलंय. कसं पटलं ते विचारू नकोस, धंद्यातली गोष्ट आहे.

तुझी केस साधी नाही. रविवारी किराणावाला बघून गेला की झडप पुन्हा साफ कर, त्याआधी नको. आणि त्यानंतर एक चाचणी करावीच लागेल. तिच्याशिवाय गाडी विकायचीही नाही आणि ठेवायचीही नाही. झडप नीट मिटते की नाही ते चालवणाऱ्याला कळत नाही. त्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं. ते कळतं शेजारी बसलेल्याला, तेही कान तयार असतील तर. म्हणून जाताना तू चालव. तळ्यावर गाडी पूर्ण गार होऊ दे. परत येताना, संध्याकाळची हवा गार झाल्यावर, दुसऱ्या कुणीतरी चालवायची आणि तू डोळे मिटून इंजिन ऐकायचं. डोळे मिटणं महत्त्वाचं. घड्याळं ऐकणारे कान आमच्या धंद्यात कुणाकडे नाहीत.

दुसरं कुणीतरी म्हणजे परवाना असलेलं कुणीही. वीस तारखेच्या आत नको, त्याआधी हवा योग्य नसते.

— ठिणगी


९ मार्च

ठिणगे,

माफी पोचली. तुझ्या त्या हवेच्या शास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही, पण कानांबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे.

किराणावाला येऊन गेला. परीटघडीचा पांढरा सदरा घालून आला होता. तुझ्या मामीला काय उत्साह! तिनेच गाडी सुरू करून ठेवली. मला आश्चर्य वाटलं, तिला किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची हे माहीत असेल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, मागून जरा आवाज ऐकतो, आणि खाली वाकला. तुझी मामी म्हणाली, ‘अहो, रेस करून दाखवा ना त्यांना.’ मी दाबला पाय.

धूर ओसरला तेव्हा सदरा कोणत्या रंगाचा होता ते सांगता आलं नसतं. तो म्हणाला, ‘विचार करून कळवतो,’ तेव्हा त्याचे फक्त दात दिसत होते. तुझी मामी पदर तोंडाला लावून आत पळाली. ठसका लागला म्हणाली.

खरं सांगू? तो गेला तेव्हा मला फार बरं वाटलं. झडप साफ केलीय. चाचणी करू. पण परतताना चालवणार कोण? ओळखीत असं कुणी नाही की ज्याच्या शेजारी मी गप्प बसू शकेन.

— मामा


१८ मार्च

पोरी,

पास! त्याच चढावर गाडी उभी केली, सोडली, एक बोट मागे आली नाही. परीक्षक तेच. बसल्याबरोबर त्यांनी दाराचं हँडल धरलं होतं. उतरताना म्हणाले, ‘बाई, गाडी बदललीत का?’ मी म्हटलं, नाही, झडप साफ केली. नर्सबाईंनी मला रस्त्यातच मिठी मारली.

यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या-परवा परवाना हातात मिळेल.

— मामी


२४ मार्च

चि. ठिणगीस,

चाचणी झाली. सविस्तर लिहितो.

दुपारी मी चालवत तळ्यावर गेलो. परतताना चालवणारा कुणी मिळाला नव्हता, पण चाचणीचं सांगितल्यावर तुझी मामी म्हणाली, ‘आधी जाऊ तर खरं,’ आणि बरोबर आली. तिने डबा घेतला होता, पण काही खाल्लं नाही. गाडी गार होईपर्यंत काठावर बसलो. ऊन उतरलं. मला वाटत होतं, ती म्हणेल, चला, उजेड आहे तोवर निघू. ती म्हणेना. दगड घेऊन पाण्यात टाकत बसली. पलीकडच्या काठावरची झाडं आधी एकमेकांत मिसळली, मग मला दिसेनाशी झाली.

शेवटी उठलो. सवयीने स्टिअरिंगमागे जाऊन बसलो, किल्ली लावली, आणि हात तिथेच राहिला. समोर रस्ता होता हे मला ठाऊक होतं, बस. मी आरसा हलवला, काच पुसली, वायपर लावून बघितला. ती माझ्या बाजूच्या दाराशी येऊन उभी राहिली.

‘उठा.’

‘का?’

‘ठिणगीने सांगितलंय ना, येताना दुसऱ्याने चालवायची म्हणून?’

‘अगं, पण तुला कुठे...’

तिने पर्समधून परवाना काढून माझ्या हातावर ठेवला. त्यावर काय लिहिलंय ते मला त्या उजेडात वाचता आलं नाही. तिनेही ‘वाचा’ म्हटलं नाही. तेव्हा कळलं मला. तिला कधीपासून माहीत असेल कोण जाणे. मी उठलो. आम्ही गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडून गेलो. मी दार लावून घेतलं आणि डोळे मिटले.

तू विचारशील, इंजिन कसं वाटलं? मला इंजिन ऐकूच आलं नाही. ती सगळा रस्ता तोंडातल्या तोंडात ‘क्लच, गिअर, आरसा, सोड, सोड हळू’ असं पुटपुटत होती. बायपासला तिने तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी पळवली की मी दोन्ही हातांनी सीट धरली. सिग्नलला थांबलो तेव्हा ना हुडहुडी, ना धूर. मी म्हटलं, ‘दुपारची झोप मला आता महागात पडणार.’ ती इतकी हसली की सिग्नल हिरवा झाला तरी हलेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी डोळे मिटूनच काच खाली केली आणि सांगितलं, ‘अहो थांबा जरा, परीक्षा चालू आहे.’

आता सकाळ माझी, संध्याकाळ तिची. तू या कटात किती होतीस ते मी विचारणार नाही. परतीचा धूर कुठून कुठे जातो, हे तूच मला शिकवलंस.

एक तक्रार मात्र आहे. मी शेजारी बसून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, तर काल तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, ‘तोंड मिटा, नाहीतर मागे बसा.’ मी मागे बसलो. बाणा आहे माझा! तर आता गाडी चालवताना ती सारखी आरशातून माझ्याकडे बघते. मी ओरडतो, ‘अगं, पुढे बघ!’

— मामा